टब की शॉवर? आधी विचारा, आंघोळ कोणाची!

बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर... आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात, एखाद्या जुन्या कॉलनीत सकाळी फेरफटका मारा. दोन-चार घरांपुढे फोडलेल्या टाइल्सचा ढीग दिसणारच. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कर्ज काढून, हौसेनं बांधलेली घरं आता डागडुजीला आली आहेत. आणि डागडुजीत पहिला नंबर कोणाचा? बाथरूमचा! भिंतीला ओल धरलेली, फरशी उखडलेली, नळ गळके, दार खालून कुजलेलं. मग घरात बैठक बसते, टाइल्सच्या दुकानाच्या चकरा सुरू होतात आणि तिथे काचेपलीकडे ठेवलेला पांढराशुभ्र बाथटब आपल्याकडे बघून हसत असतो. त्याच्या शेजारीच ताटाएवढा मोठा शॉवर. दुकानदार विचारतो, “मॅडम, मास्टर बाथरूमला काय टाकायचं? टब की शॉवर?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्याही घरात आला. मुलगा-सून पुण्याला. मुलानं मोबाइलवर टबाचे फोटो पाठवले, “आई, एकदाच होतं काम, चांगलंच करू!” सूनबाईंचं म्हणणं, टब नको पण शॉवर हवाच. जाऊबाईंनी त्यांच्या बहिणीकडे पाहिलेल्या काचेच्या केबिनचं वर्णन केलं. ह्यांचं लक्ष सगळं बजेटवर. आणि ज्यांना त्या बाथरूममध्ये रोज जायचं, त्या आमच्या ऐंशीच्या सासूबाईंना मात्र कोणी काही विचारलंच नव्हतं. मी विचारलं. त्यांचं माहेर घाटाखालचं, जळगाव जामोदकडचं. फोटो बघून म्हणाल्या, “अवो, डबक्यात बसाले मी काय म्हैस हाव का?”

सगळे पोट धरून हसले. हसणं ओसरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “मले धराले काही तरी लावा. अन् दार लावता आलं पायजे.”

त्या दुसऱ्या वाक्यात सगळं होतं. त्याआधीच्या पावसाळ्यात त्या मोरीत घसरल्या होत्या. हाड वाचलं, पण धीर गेला. तेव्हापासून दार किलकिलं ठेवून, मला बाहेर उभं करून त्यांची आंघोळ चालायची. जन्मभर पहाटे सगळ्यांच्या आधी न्हाऊन मोकळी होणारी बाई! पुढे तर वैशाखातही त्या “आज थंडी वाटून राह्यली” म्हणून आंघोळ टाळू लागल्या. अडचण थंडीची नव्हती. अडचण होती सुनेला हाक मारण्याची, उघड्या दाराची, लाजेची.

तेव्हा ठरवलं, की टब, शॉवर की बादली याचा निकाल दुकानात नाही, घरात लावायचा. आणि तो लावताना रोजच्या पाण्याचा, विजेचा, घासण्याचा आणि पाय घसरण्याचा हिशोब मांडायचा. तोच हिशोब आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

टबाचं मूळ कुठलं?

आपल्याकडे आंघोळ म्हणजे वाहतं पाणी. मोरी असो की न्हाणी, पाटावर बसायचं, बंबातलं कढत पाणी घंगाळात घ्यायचं, विसण घालायचं आणि लोट्यानं अंगावर ओतायचं. पाणी अंगावरून गेलं की परसातल्या केळीला किंवा अळूला. आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात जुना शॉवर बघायचा तर लोणारला जा. तिथली ‘धार’ म्हणजे गोमुखातून पडणारं झऱ्याचं पाणी. पिढ्यान् पिढ्या लोक त्या धारेखाली उभे राहिले. तिथलंच एक ठिकाण ‘सीता न्हाणी’ या नावानं ओळखलं जातं. म्हणजे न्हाणी हा शब्द आपल्या मातीत किती खोल रुजला आहे, बघा!

मग टब कुठून आला? थंड मुलखातून. अमेरिकेत गेलेल्या आपल्या लेकी-सुना सांगतात ना, तिकडच्या बहुतेक घरांत बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला जाळीच नसते. जमीन कोरडी ठेवायची असते. बरीच घरं लाकडी सांगाड्यावर उभी. खाली पाणी सांडलं तर थेट खालच्या मजल्याच्या छतातून गळणार! म्हणून आंघोळीचं सगळं पाणी एका भांड्यात अडवायचं, ते भांडं म्हणजे टब. त्याच टबात उभं राहून, पडदा ओढून शॉवरही घ्यायचा. आपल्या पोरी तिकडे गेल्यावरही टबात उभ्या राहून प्लॅस्टिकच्या मगानं आंघोळ करतात, ही गंमत वेगळीच.

थोडक्यात, तिकडे टब ही गरज आहे, कारण बाकी जमीन कोरडी. आपल्याकडे सगळी बाथरूमच उताराची, जाळीची, पाणी सांडायला मोकळी. आपली अख्खी मोरी हाच आपला टब आहे, फक्त तो भरत नाही एवढंच.

जपानी लोकांचं बघा. त्यांना टबाचं भारी वेड. पण ते टबात साबण लावतच नाहीत. आधी बाहेर बुटक्या स्टुलावर बसून, छोट्या बादलीनं अंग स्वच्छ धुतात आणि मगच गरम पाण्याच्या टबात नुसते बसतात. तेच पाणी घरातली सगळी माणसं एकामागून एक वापरतात. म्हणजे खरी आंघोळ त्यांचीही पाट-बादलीचीच! टब आहे तो शेकायला.

पाण्याचा हिशोब

आता मुद्द्याचं बोलू. मध्यम टबात माणूस बसून अंग बुडेल एवढं पाणी भरायचं तर साधारण दीडशे लिटर लागतं. मोठा टब असेल तर त्याहून जास्त. साधा शॉवर चांगल्या दाबाला मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो. पाच मिनिटं सलग चालू ठेवला तर चाळीस-पन्नास लिटर. साबण लावताना बंद केला, तर वीस लिटरमध्ये भागतं. आणि आपली बादली? पंधरा ते वीस लिटर. डोक्यावरून न्हायचं असेल तर आणखी अर्धी.

तुमच्या शॉवरचं पाणी मोजायचं असेल तर सोपं आहे. त्याच्याखाली बादली ठेवा, घड्याळ लावून बरोबर एक मिनिट सोडा आणि बादलीतलं पाणी लिटरच्या मापानं मोजा.

दीडशे लिटर म्हणजे नेमकं किती? शहरांचा पाणीपुरवठा आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर हे माप धरलं जातं. त्यात आंघोळीचा वाटा ५५ लिटरचा. आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशननं खेड्यातल्या घरासाठी काय माप ठरवलं? माणशी दिवसाला ५५ लिटर. पिण्याचं, स्वयंपाकाचं, धुण्या-भांड्याचं, आंघोळीचं, सगळं मिळून! म्हणजे शहराच्या हिशोबात जेवढी एक आंघोळ, तेवढ्यात खेड्यातल्या माणसाचा अख्खा दिवस. आणि टबाची एक आंघोळ म्हणजे जवळजवळ तीन माणसांचा दिवस.

आपण काही नदीकाठच्या कोकणात राहत नाही. बुलढाणा शहराला पाणी पुरवतं ते पैनगंगेवरचं येळगावचं धरण. ते भरलं की लोक मुद्दाम बघायला जातात, एकमेकांना फोटो पाठवतात. ज्या गावात धरण भरणं हा आनंदाचा सण असतो, तिथे पाण्याची किंमत काय ते वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात नळाच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढतं, आसपासच्या खेड्यांना टँकर लागतात. रस्त्याच्या कामासाठी तलावांतली माती-मुरूम काढायचा आणि त्यातून तलाव खोल करायचे, या कामाला ‘बुलढाणा पॅटर्न’ असं आपल्याच जिल्ह्याचं नाव मिळालं, ते काही उगीच नाही.

गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असेल तर टबाच्या सहा आंघोळींत ती रिकामी. पाहुणे आले, दिवाळीचं अभ्यंगस्नान आलं, की मग काय? घरात पाण्याची बादली मोजून देणारी बाईच असते. नळ आला की झोपेतून उठून पिंप भरणारीही तीच. त्यामुळे या निर्णयात तिचं मत पहिलं हवं, असं मला मनापासून वाटतं.

गरम पाण्याचं गणित

बुलढाणा म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं गाव. घाटाखाली मलकापूर-शेगावला उन्हाळा भाजून काढतो, पण आमच्याकडे पौषात टाकीचं पाणी हाताला झोंबतं. गरम पाणी लागणारच. आता बघा, पंधरा लिटरचा गिझर पूर्ण तापला आणि त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं, तर अंगाला सोसेल असं तीस लिटर पाणी मिळतं. दीड बादली. एका माणसाला भरपूर.

टब भरायचा तर? दीडशे लिटर कोमट पाण्याला निम्मं म्हणजे पंचाहत्तर लिटर कढत पाणी हवं. पंचवीस लिटरचा गिझर तीनदा तापवा! दर वेळी अर्धा-पाऊण तास धरा. तिसरा गिझर तापेपर्यंत पहिलं पाणी गार. विजेचा हिशोबही करून पाहिला. थंडीतलं पाणी अंगाला सोसेल इतकं गरम करायला बादलीमागे अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते, टबाला साडेतीन युनिट. रोजचे साडेतीन युनिट, एका माणसाचे!

सोलर असेल तर दिलासा आहे. आपल्याकडे ऊन काही कमी नाही. पण सोलरचं पाणी येईपर्यंत पाइपातलं गार पाणी आधी येतं. ते जाळीत सोडू नका, बादलीत धरा. धुण्याला, फरशीला कामी येतं.

आणि एक कळकळीची गोष्ट. गॅस गिझर. लवकर पाणी तापतं म्हणून अनेक घरांत तो बाथरूमच्या आतच बसवलेला असतो. गॅस जळताना तिथली हवा संपते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आत आंघोळ करणाऱ्याला आधी गुंगी येते आणि हाक मारण्याआधीच माणूस कोसळतो. बंद बाथरूममध्ये असे जीव गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तेव्हा बाथरूम फोडताच आहात, तर गॅस गिझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर न्या आणि आत फक्त पाइप आणा. विजेचा गिझर असेल तर अर्थिंग तपासून घ्या आणि शॉक लागताच लाइन तोडणारा स्विच बोर्डावर बसवून घ्या. टाइल्सची एक रांग कमी निवडा, पण यात काटकसर नको.

दाब आहे का दाब?

ताटाएवढा मोठा शॉवर दुकानात फार सुंदर दिसतो. घरी आणल्यावर मात्र त्यातून पाणी येतं ते रांगोळी सोडल्यासारखं. का? कारण शॉवरचा जोर टाकीच्या उंचीवर असतो. आपली टाकी गच्चीवर, शॉवर डोक्यावर. एकमजली घरात दोघांमध्ये अंतर जेमतेम सहा-सात फुटांचं. तेवढ्या दाबात मोठ्या शॉवरची सगळी भोकं पुरेशी वाहतच नाहीत. मग वर पंप लावा, त्याचा आवाज ऐका, त्याचं बिल भरा. त्यापेक्षा टाकीचा चौथरा उंच करून घ्यावा, पाइप जाड टाकावा आणि शॉवर लहान तोंडाचा घ्यावा. खालच्या मजल्यावरच्या बाथरूमला दाब जास्त मिळतो, हेही लक्षात ठेवा.

घासायचं कोणी?

हा प्रश्न दुकानात कोणीच विचारत नाही, कारण तिथे निवडणारे बहुतेक वेळा घासणारे नसतात! टबात बसून माणूस उठला की साबणाचा मळ कडेला वर्तुळासारखा बसतो. तो लगेच घासला नाही तर चिकटतो. घासायचं कसं? कमरेत वाकून, हात टबाच्या तळापर्यंत नेऊन. गुडघे-कंबर दुखणाऱ्या बाईनं हे रोज करायचं? शिवाय टबाखाली गळती झाली तर कळत नाही आणि बाजूला उघडता येणारी झडप ठेवलेली नसेल तर नव्या टाइल्स फोडाव्या लागतात.

काचेच्या केबिनलाही त्रास आहे. पाणी जड असेल तर काचेवर पांढरे डाग पडतात. घाटाखाली पूर्णेच्या अंगानं खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या मैत्रिणींना खाऱ्या पाण्याबद्दल मी काय सांगावं! शॉवरची भोकं क्षारानं बुजतात, गिझरची कॉइल पांढरी पडते. यावर उपाय असा की ज्याच्या भोकांना रबरी टोकं असतात तो शॉवर घ्यायचा, अंगठा फिरवला की क्षार निघून जातो. बुजलाच तर प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घेऊन ती पिशवी शॉवरला रात्रभर बांधून ठेवायची. केबिनऐवजी साधा पडदा लावला तरी चालतो. तो काढून मशीनला टाकता येतो.

वरच्या मजल्यावर टब बसवायचा विचार असेल तर आणखी एक. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दीडशे लिटर पाणी, टब आणि आतला माणूस मिळून अडीचशे किलोच्या आसपास वजन एका छोट्या जागेवर येतं. जुन्या स्लॅबवर ते टाकण्याआधी इंजिनीअरला विचारा. मिस्त्री “काही नाही होत ताई” म्हणाला, म्हणून पुढे जाऊ नका.

पाय घसरतो तिथे...

टबाची कड जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास असते. तरण्या माणसाला काही नाही. पण गुडघे दुखत असताना, ओल्या पायानं, एका पायावर तोल सांभाळत ती ओलांडायची म्हणजे परीक्षाच. उठताना तर अधिक. गरम पाण्यात बराच वेळ बसून एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हे विशेष सांभाळावं. गर्भारपणात कढत पाण्यात बुडून बसणंही टाळायलाच सांगतात.

नुसता शॉवरही म्हाताऱ्या माणसाला सोयीचा नाही. डोळ्यांत साबण, वरून पाणी, पायाखाली निसरडं आणि धरायला काही नाही! आपला पाट-बादलीचा प्रकार बसून करायचा म्हणून त्यातल्या त्यात सुरक्षित. पण पाट जमिनीलगत. त्यावरून उठायचं म्हटलं की गुडघे बोलतात. म्हणजे बादली बरोबर आहे, बसण्याची उंची चुकते आहे.

“डॉक्टरांनी कोमट पाण्यात बसायला सांगितलंय, मग टब हवा ना?” असं एका मैत्रिणीनं विचारलं. बाळंतपणातल्या टाक्यांसाठी किंवा मूळव्याधीसाठी जो शेक सांगतात, त्याला पसरट प्लॅस्टिकचं टोपलं मिळतं. ते कमोडवर ठेवता येतं, चार-पाच लिटर पाण्यात काम होतं. औषधांच्या दुकानात विचारा. त्यासाठी अख्खा टब नको.

लहान मुलांच्या घरी एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. टब असो की बादली, भरून ठेवून बाळाला एकटं सोडायचं नाही. रांगतं मूल वीतभर पाण्यातही डोकं खाली पडून बुडू शकतं. फोन वाजला, बेल वाजली तर बाळाला उचलून न्या. वापरून झालेली बादली पालथी घाला.

मग टब कोणी घेऊच नये का?

तसं मी म्हणणार नाही. घरची विहीर आहे, पाणी बारमाही आहे, सोलर आहे, खाली भक्कम जमीन आहे आणि पाठ-कंबर शेकायची मनापासून हौस आहे, तर घ्या की! आयुष्यभर दुसऱ्यांच्या आंघोळीचं पाणी तापवलेल्या बाईला अर्धा तास निवांत पाण्यात बसावंसं वाटलं, तर त्यात गैर काय? फक्त टब हीच एकमेव आंघोळीची जागा करू नका. बाजूला पाणी सांडायला मोकळी जागा ठेवा. टब लागतो पाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद. आपल्या पाच बाय सातच्या बाथरूममध्ये तो टाकला तर कपड्यांची बादली ठेवायलाही जागा उरत नाही.

आम्ही काय केलं?

आमचं बाथरूम सहा बाय आठ. मिस्त्रींना मी पहिल्या दिवशीच आत नेलं आणि सासूबाईंनाही बोलावलं. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि हात कुठे सहज पोचतो ते पेन्सिलीनं भिंतीवर खूण करून घेतलं. मिस्त्री गालातल्या गालात हसले, पण खूण केली बरं का!

नळ घेतला तो तिन्ही कामांचा. एकाच वॉल मिक्सरवर खाली बादलीचा नळ, वर छोटा शॉवर आणि हातात धरायचा हँड शॉवर. हँड शॉवर उभ्या दांडीवर वर-खाली सरकतो, त्यामुळे बसूनही हाताशी येतो. त्याच्याखाली गुडघ्याच्या उंचीचं, रबरी पायांचं प्लॅस्टिकचं स्टूल. बादली ठेवायला शेजारी वीतभर उंचीचा छोटा कट्टा बांधला, म्हणजे मग भरायला वाकावं लागत नाही.

धरायला दोन स्टीलचे दांडे. एक स्टुलाशेजारी, एक कमोडशेजारी. उंची साधारण पावणेतीन ते तीन फूट, पण शेवटी खूण सासूबाईंच्या हाताची. इथे मिस्त्रींशी थोडं वाजलं. ते म्हणाले, “ताई, टॉवेलचा दांडा आहे ना, त्यालाच धरतील.” नाही हो! टॉवेलचा दांडा टॉवेल धरायला असतो, माणूस धरायला नाही. तोल गेला की तो स्क्रूसकट हातात येतो. माणसाचा भार घेणारा दांडा वेगळा मिळतो आणि तो पक्क्या विटेत, लांब बोल्टनं बसवायचा असतो.

दार आता बाहेरच्या बाजूला उघडतं. यावरही वाद झाला, कारण बोळीत अडचण होते. पण आत कोणी पडलं आणि दाराला आडवं झालं तर आत उघडणारं दार ढकलणार कसं? कडीसुद्धा अशी घेतली, की आतून लावली तरी गरज पडल्यास बाहेरून नाण्यानं फिरवून उघडते.

आणि ही कडी ज्या दिवशी बसली, त्या दिवशी सासूबाईंनी आत जाऊन दार लावून घेतलं. मी बाहेर उभी राहिले, तर आतून आवाज, “तू जाय तुह्या कामाले!” आता रोज पहाटे आतून पाण्याचा आणि त्यांच्या ओव्यांचा आवाज येतो. त्या बादलीनंच न्हातात, पाठीला आणि पायांना तेवढा हँड शॉवर घेतात. सूनबाई आल्या की वरचा शॉवर वापरतात. नातवासाठी माळ्यावरचं पितळी घंगाळ चिंचेनं घासून काढलं. तो त्यात बसून पाणी उडवतो आणि सांगतो, “हा माझा टब!”

मिस्त्री येण्याआधी

तुमच्या घरचं काम निघालं असेल तर एवढं लिहून ठेवा.

• घरात कोण, किती वाजता, उभ्यानं की बसून आंघोळ करतं, ते सगळ्यांना विचारा. दहा वर्षांनी तुमचे गुडघे कसे असतील तेही धरा.

• टाइल्स लावण्याआधी वॉटरप्रूफिंग झालं की जाळी बुजवून एक-दोन दिवस पाणी भरून ठेवायला सांगा. खालच्या किंवा बाजूच्या भिंतीला ओल आली नाही, तरच पुढचं काम.

• जमिनीची टाइल खरबरीत घ्या. दुकानात तिच्यावर पाणी टाकून, चप्पल काढून उभं राहून बघा. चकचकीत टाइल भिंतीलाच ठेवा.

• उतार जाळीकडे नीट आहे ना ते बादलीभर पाणी ओतून तपासा, तेही मिस्त्रींचे पैसे चुकते करण्याआधी!

• भिंतीत पाइप बसवले की टाइल्स लागण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतो.

• टब किंवा मोठा शॉवर आज नको असेल, पण पुढे हवासा वाटेल असं असेल, तर गरम-गार पाण्याची जोडणी काढून, बूच लावून ठेवा.

• धरायचे दांडे आज लावायचे नसले तरी त्या जागी भिंत भरीव ठेवायला सांगा.

या यादीतलं बरंचसं काम टबाच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी पैशांत होतं. पण त्यासाठी घरातल्या बाईनं पहिल्या दिवसापासून मिस्त्रींसमोर उभं राहायला हवं. रंग निवडायला तेवढं आपल्याला बोलवायचं आणि नळ-पाइप पुरुषांनी ठरवायचे, ही वाटणी आता पुरे झाली. पाणी आपण भरतो, फरशी आपण घासतो, म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना न्हाऊ आपण घालतो. मग नळ कुठे आणि किती उंचीवर, हे आपणच सांगायचं.

जाऊबाईंचं बाथरूम येत्या उन्हाळ्यात निघणार आहे. काचेच्या केबिनचं नाव त्यांनी अजून पूर्ण सोडलेलं नाही. पण परवा आल्या तेव्हा आमच्या स्टुलावर बसून बघितलं, दांडा ओढून बघितला, कट्ट्याची उंची वितेनं मोजली. जाता जाता सासूबाईंना म्हणाल्या, “आत्याबाई, टाइल्स बघायला जाऊ तेव्हा तुम्हीपण चला बरं संगतीनं.” सासूबाईंनी लगेच विचारलं, “थ्या दुकानात बसाले खुर्ची हाये का?”